साखरेच्या डब्यात वाळू

डब्यात वाळू आहे हे मला पक्कं माहीत होतं. ती मीच भरली होती, झाकण गोंदाने मीच चिकटवलं होतं, आणि पुढच्या बाजूला 'साखर' अशी वळणदार अक्षरातली चिठ्ठीसुद्धा माझ्याच हातची होती. तरी त्या दुपारी मी तो डबा ओट्याच्या कडेवर आपटून उघडला. वाळू सांडली. मग मी शेजारच्या स्वयंपाकघरात धावले आणि तिथला डबा उघडला, मग त्याच्या शेजारच्यातला. आमचं फर्निचरचं दुकान आहे, म्हणजे मी तिथे नोकरीला आहे. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरं एकाला लागून एक मांडलेली असतात, गल्लीतल्या घरांची दारं काढून टाकावीत तशी. प्रत्येकात ओटा, कपाटं, पेला, सुरी, टोपलीत प्लास्टिकची सफरचंदं. ती मांडणी करणं हे माझं काम. नळ चकचकीत असतो, पण त्याच्यामागे पाइप नसतो. पाव प्लॅस्टरचा असतो. डबे मात्र रिकामे ठेवून चालत नाहीत, कारण गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि हलका डबा लागला की त्याचा विरस होतो. म्हणून वाळू.

झालं होतं ते एवढंच, की सगळ्या शहराची वीज गेली. चोरी नको म्हणून रखवालदाराने विजेवरचं शटर कळ सोडून खाली घेतलं आणि मग ते वर जाईना. हाताने फिरवायचा एक दांडा असतो म्हणे, पण तो कुठे ठेवलाय हे एकालाही सांगता येईना. फोन मुके झाले होते. आत आम्ही नोकरमंडळी आणि काही गिऱ्हाइकं. त्यांत एक म्हातारं जोडपं होतं, नव्या घरासाठी ओटा बघायला आलेलं. पहिला तासभर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग त्या बाईंना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं जड झालं. त्यांचे यजमान म्हणाले, साखर उतरली आहे, काहीतरी गोड द्या, तिच्या गोळ्या गाडीत राहिल्यात. आणि मी, शुद्धीवर असलेली, शिकली-सवरलेली, त्या मजल्यावरची प्रत्येक वस्तू कशाची बनली आहे हे जाणणारी बाई, एकेक खोटा डबा फोडत सुटले. माझा हात थांबेना. मला वाटत होतं की एवढ्या डब्यांतून एखाद्यात तरी चुकून खरी साखर निघेल. शेवटी कपबश्या विकणाऱ्या पोरीच्या पर्सच्या तळाशी कागदाला चिकटलेली लिमलेटची एक गोळी सापडली आणि बाईंचा जीव निभावला. संध्याकाळी शटर उघडलं. जाताना त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा मागे वळून सगळ्या रांगेवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "एवढी स्वयंपाकघरं, आणि एकातही चमचाभर साखर नाही हो?" टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. टोमणा असता तर मी दोन दिवसांत विसरले असते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वाळू झाडून घेतली आणि डबे पुन्हा भरायला लावले. मी भरले. एका डब्यात मात्र घरून आणलेली साखर ओतली, आणि हे साहेबांना तोंडावर सांगितलं. "मुंग्या होतील," ते म्हणाले. मी म्हटलं, "होऊ देत." ते सोफ्यांकडे निघून गेले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर पर्ससुद्धा न ठेवता मी आमच्याच ओट्याखालची दारं उघडली. उंची, रंग, कड्या, सगळं मीच निवडलेलं, नोकरांना सवलतीत मिळतं म्हणून घेतलेलं. आत काय होतं? तळाला गेलेलं तांदळाचं पाकीट. चहाचा निम्मा डबा. एक बिस्किटपुडा, तोही वास येणारा. बाकी फोनवर बोट टेकवलं की घटकाभरात दारात सामान येतं, मग भरून कशाला ठेवायचं, असा आमचा गेली कित्येक वर्षं कारभार. मी दुकानात दिवसभर खोटी घरं मांडते आणि संध्याकाळी तसल्याच एका घरात झोपायला येते, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. माझे यजमान डोळे तपासतात, चष्म्याच्या दुकानात. त्यांना म्हटलं, "आपल्या घरात खायला नाही." ते म्हणाले, "मग मागव की. काय खायचंय?"

तर मी सुरुवात केली. लेक नोकरीसाठी परगावी गेली तेव्हापासून तिची खोली मोकळी होती. तिथे भिंतीभर फळ्या लावल्या आणि भरायला लागले. कुणी शिकवायला नव्हतं, आणि मला वाटलं शिकायचं आहे काय त्यात? मांडणी तर माझ्या हातातच होती. काचेच्या बरण्या आणल्या, एका मापाच्या. डाळी रंगाप्रमाणे लावल्या, फिक्याकडून गडदाकडे. तेलाच्या बाटल्या खिडकीत, म्हणजे ऊन आलं की त्यांचं सोनं होतं. डबाबंद मटार, मका, मासे, चिठ्ठ्या सगळ्या पुढे तोंड करून. नवीन सामान आलं की पुढे, कारण नव्याचा डबा चकचकीत. खोली अशी देखणी झाली की यजमानांनी दारात उभं राहून शीळ घातली, आणि माझ्या दुकानातल्या पोरी मुद्दाम बघायला येऊन गेल्या. मीही दिवसातून दोनदा आत जाऊन उगाच उभी राहायची. ऊर भरून यायचा. बाहेर काहीही होऊ दे, असं मनात म्हणायची, आणि मग ते काहीही काय असेल हे फार तपशिलात न बघता दिवा मालवून बाहेर यायची.

उन्हाळा सरता सरता नणंद आली. ती माझ्याहून लहान, तोंडाने फटकळ, आणि खरं बोलायची तिला खोड आहे. तिने एक बरणी उचलली, उजेडात धरली, आणि म्हणाली, "वहिनी, हे खायचंय की नुसतं बघायचंय?" डाळीत जाळी धरली होती. मागच्या रांगेतल्या तांदळात पोरकिडे फिरत होते. तेल उन्हाने खवट झालं होतं. माशांचे डबे तिने मोजायला घेतले तेव्हा यजमान हळूच म्हणाले, "मला मासे चालत नाहीत. अंगावर पित्त उठतं." एवढी वर्षं या माणसाच्या ताटात वाढते आहे मी. डब्याच्या चिठ्ठीवर निळी लाट सुरेख होती म्हणून घेतले होते. आणि डबे उघडायला घरात काही नव्हतं, ते तर विचारूच नका. नणंद बिछान्यावर पडून हसली, यजमान हसले, आतल्या खोलीतून, आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंचासुद्धा खोकल्यासारखा आवाज आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना वाटलं, आता हिचं भूत उतरलं. मी किडकं सगळं पोत्यात भरून खाली नेऊन टाकलं, काचेच्या बरण्या दुकानातल्या पोरींना वाटल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चूक साठवण्यात नव्हती. मी गिऱ्हाइकासाठी साठवलं होतं, आणि आमच्या घरात गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

या वेळी मी दिसण्याला काट मारली. खिडकीला जाड पडदा. काचेऐवजी घट्ट झाकणाचे डबे, कुठलेही, एकाला एक न जुळणारे. जड ते खाली. नवीन आणलं की सगळ्यांत मागे सरकवायचं आणि रोजच्याला पुढचं काढायचं, म्हणजे कपाट आपोआप फिरत राहतं. आणि मुख्य म्हणजे, आमच्या पोटात जे जातं तेच. मी आठवडाभर नुसतं बघत बसले, कोण काय खातं. सासूबाईंना सकाळी पातळ भात लागतो आणि दात बसवल्यापासून कडक काही चालत नाही. यजमान चहात दोन चमचे साखर घालतात आणि एकच घालतो म्हणून सांगतात. पाण्याचे डबे, यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मेणबत्त्या, काडेपेट्या, डबे उघडायची चावी एक नाही, दोन. फार नाही, एका वेळी थोडंसंच, एरवी एक पाकीट आणते तिथे दोन. हे काम मला आवडायला लागलं. त्यात कुणाला दाखवायचं काही नव्हतं. हात फिरवत फिरवत मी मनाने लेकीच्या लहानपणापर्यंत जायची, ती तापात असताना मी सारखी डब्यात किती दूध पावडर उरली ते बघायची, आणि अजून थोडी आहे एवढ्यावर झोप लागायची. ती 'अजून थोडी' असण्याची चव मी विसरून गेले होते.

पण याच दिवसांत मला एक सवय लागली, आणि ती लागल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. सामान मी चाकांच्या सुटकेसमधून आणायला लागले. समोरच्या दारात रंगारी राहतो, तो, बायको आणि तीन पोरं. त्याच्या रंगाचे डबे आणि शिडी जिन्यासमोरच्या बोळात पडून असतात, त्यावरून आमचं वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. तांदळाचं पोतं खांद्यावरून नेताना त्यांनी बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं. एकदा त्यांची मधली मुलगी लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "मावशी, तुम्ही सारख्या कुठे जाता? मजा आहे तुमची." मी म्हटलं, "हो गं, फिरतीची नोकरी आहे." सुटकेसमध्ये डाळ होती. वर येऊन मी दाराला कडी लावली आणि सहज मनात हिशेब आला की ती पाच माणसं, त्यात वाढती पोरं, आमचं कपाट बघता बघता फस्त करतील. हिशेब अगदी बिनचूक होता. नणंदेने खाली कुणाशी तरी गप्पा मारताना माझ्या कपाटाची गंमत सांगितल्याचं कळलं तेव्हा मी तिला फोनवर इतकी टाकून बोलले की यजमान स्वयंपाकघरातून बाहेर आले.

त्या फोननंतर सासूबाईंनी माझ्या हातचा भात बाजूला सारला. "त्या खोलीतला असेल तर मला वाढू नकोस," त्या म्हणाल्या. सासूबाई भिंग घेऊन पेपर वाचतात, पत्ते एकट्याच खेळतात, आणि हरत असल्या तर स्वतःशी लबाडी करतात. जुनं काही उगाळत बसायचा त्यांचा स्वभाव नाही. त्या दिवशी बोलल्या. त्या लहान असताना त्यांच्या शहरात टंचाईचं साल आलं होतं. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक शाळामास्तर राहायचे, सज्जन माणूस, सगळे मान द्यायचे. मास्तरांच्या पलंगाखाली पोती होती. हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांनाच माहीत होतं. भर उन्हाळ्यात मास्तरांच्या खिडक्या बंद असायच्या, शिजल्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून. "आईने मला वाटी घेऊन पाठवलं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, आमच्याकडेच नाही बाळ. आणि दाराच्या फटीतून भाताचा वास येत होता. मी तिथे किती वेळ उभी होते. वासासाठी." मग बराच वेळ त्यांनी पत्ते पिसले. "धाकटा भाऊ त्या वर्षी गेला. तापाने गेला, भुकेने नाही, असं सगळे म्हणायचे. आई नाही म्हणायची." आणि मला म्हणाल्या, "सुटकेस बघितली मी तुझी. खिडक्यांना पडदा लावून झालाच आहे. बंद कधीपासून करणार?"

मला राग आला. आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मी दिवसभर उभी राहून काम करते, घरी येऊन यांच्या दातांना सोसेल असं अन्न हुडकते, आणि मी कोण, तर तो मास्तर? पण राग आला तो नेमका कुठे लागल्यामुळे, हे मला त्याच क्षणी कळत होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बॅग भरली. नणंदेकडे जाते म्हणाल्या, कायमची. रविवारी न्यायला ये, असं तिला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. ते कपाट या घरात राहणार असेल तर आपण राहणार नाही, इतकं साधं. यजमानांचा चेहरा उतरला. त्यांना आईचं पटत होतं की माझं, मला अजून कळलेलं नाही. त्यांना फक्त भांडण नको होतं. त्यांनी चार खोकी आणली आणि खोलीच्या दारात ठेवली. "उचलू या हे," ते म्हणाले. "एखाद्या आश्रमात देऊन येऊ. पुण्याचं काम होईल. तुला हौस होती, ती झाली. आईचं वय बघ."

"हौस?" मी म्हटलं.

"बरं, भीती म्हण. एकदा वीज गेली म्हणून कुणी जन्मभर—"

"मी घाबरलेली नाही. घाबरले होते तेव्हा वाळूचे डबे फोडत होते. आता माझ्या हातात काहीतरी आहे. एका खोक्याला हात लावलात ना, तर उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन. परवा काढलंत तर तेरवा. बघू कोण दमतं."

त्यांनी आईकडे बघितलं. सासूबाई बॅगेवर हात ठेवून खुर्चीत बसल्या होत्या, बाहेरगावच्या गाडीची वाट बघत असल्यासारख्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांच्याशी मी कधी वाद घालत नाही, आमच्यात ती रीत नाही, पण त्या दिवशी घातला. "आई, मास्तरांच्या घरात धान्य होतं ही त्यांची चूक नव्हती," मी म्हटलं. "दार लावलं ही चूक. आणि तुमच्या घरात काही नव्हतं हे काही पुण्य नव्हतं. तुमच्या आईकडे दोन पोती असती तर तुम्हाला वाटी घेऊन त्या दारात उभं राहावं लागलं नसतं. मला माझ्या लेकीला तसं उभं करायचं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही म्हणाल म्हणून मी घर रिकामं करणार नाही."

सासूबाईंचे डोळे कोरडे होते. "बोलायला काय जातं," त्या म्हणाल्या. "मास्तरसुद्धा असंच छान बोलायचे. शाळेत आम्हाला वाटून खायचा धडा त्यांनीच शिकवला. तो दिवस उजाडला ना, पोटात आग पडली ना, की हेच दार कसं घट्ट बसतं ते तुझं तुला कळेल. तेव्हा मी नसेन बघायला."

मी तशी नाही, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मी स्वतःला ओळखत नाही का? कडी लावल्यावर केलेला तो हिशेब मला आठवत होता, पाच माणसं आणि वाढती पोरं. भूक लागलेली नसताना, घरात वीज-पाणी असताना, फोनवर बोट टेकवलं की सगळं येत असताना मी तो केला होता. मग खरोखरच्या दिवशी मी काय करीन? तिकडे दाराच्या फटीतून एखादं पोर वास घेत उभं असेल, आणि मी आतून गोड आवाजात म्हणेन, आमच्याकडेच नाही बाळ. त्या दिवशीच्या माझ्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता. यजमान म्हणत होते ते सोपं होतं, सगळं देऊन टाकायचं आणि हात झटकायचे, म्हणजे दार लावायची पाळीच येणार नाही. रिकाम्या घराला चांगुलपणाचा त्रास नसतो. पण मी ते करणार नव्हते. आणि मास्तरही होणार नव्हते. कोण म्हणतं की दोनच वाटा आहेत? तांदूळ मी उपाशी पडल्यावर आणायला निघणार आहे का? नाही ना, आजच आणून ठेवते, पोट भरलेलं असताना, दुकानं उघडी असताना. मग त्या दिवसासाठी जे काही माझ्यात कमी पडणार आहे, तेही आजच का आणून ठेवू नये?

मी उठले. खोलीत जाऊन पडदा ओढून बाजूला केला, तो निघेना म्हणून दांडीसकट खाली घेतला. यजमान "अगं, अगं" करत मागे आले. मी त्यांना ओलांडून बाहेरच्या खोलीत आले, आमचं दार सताड उघडलं आणि ते मागे तसंच ठेवून बोळात पाऊल टाकलं. सासूबाई खुर्चीतून वाकून बघत होत्या. शिडी तिरकी पडली होती, तिच्यावरून जाताना माझा पदर रंगाच्या डब्याला लागून पांढरा झाला. एरवी एवढ्यावर मी घर डोक्यावर घेतलं असतं. समोरची घंटा वाजवली. आत पोरांचा दंगा थांबला. इतक्या दिवसांनंतर काय बोलायचं, ओळख कुठून काढायची, आधी शिडीचं मिटवायचं का, काहीच ठरवलेलं नव्हतं, आणि परत फिरावं असं एकदा वाटलंसुद्धा. मी पुन्हा घंटा दाबली, या वेळी जरा जास्तच वेळ.

रंगाऱ्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. तिने मला बघितलं, माझ्या मागे सताड उघडं असलेलं आमचं घर बघितलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं? आजींना काही झालं का?"

"अजून कुणाला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं. "म्हणून तर आले. तुमची पोरं काय काय खातात, ते मला नीट सांगा."